थांबायची जागा

"परत घ्या. 'अंधाराला'पासून," रचना म्हणाली आणि तिनं पेटीचा भाता ओढला.

सतरंजीवर बसलेल्या दहा-बारा पोरांनी पाठी ताठ केल्या.

अंधाराला मागं सारीत माय माझी चालली,
तिच्या हातच्या दिव्यानं गं सारी वस्ती उजळली.

'अंधाराला'मधला शेवटचा 'आ' चांगला लांबवायचा आणि त्याच दमात 'मागं सारीत' म्हणायचं. एवढं सोपं काम. पण पोरांनी 'अंधाराला' म्हटलं, आ जेमतेम उघडला, आणि सगळी एकदम थांबली. विहाराच्या हॉलमध्ये क्षणभर नुसता पंख्याचा आवाज उरला. मग कुणी इशारा केल्यासारखी सगळी एकदम 'मागं सारीत' म्हणत पुढे निघाली.

रचनाच्या अंगावर काटा आला. ही जागा तिच्या ओळखीची होती. इथं तिचा बाप श्वास घ्यायला थांबायचा.

बाप जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याआधीही कितीतरी वर्षं त्याचं गाणं बंदच होतं. या पोरांतल्या एकानंही त्याला गाताना ऐकलं नव्हतं.

"इथं थांबायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आर्यननं तर आपल्यावर काही शेकू नये म्हणून शेजारच्या मुकुलकडे बोट दाखवून टाकलं. शेवटी संचिता बोलली. पाचवीतली, बारीक चणीची, सगळ्यात पुढे बसायची हौस असलेली पोरगी.

"ताई, तुम्हीच थांबता ना तिथं. दर वेळी."

"मी?"

"हो. आणि असं करता." संचितानं डोळे मिटले आणि मान जराशी डावीकडे कलती केली.

पोरं खिदळली. रचनाला हसू आलं नाही. तिनं पेटीचं झाकण लावलं आणि आजच्यापुरतं पुरे म्हणाली.

वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात रचना औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासायची. एखादं टिंब सुटलं तरी तिच्या नजरेला टोचायचं. दुसऱ्यांच्या चुका धरण्यावर जिची भाकरी, तिची चूक एका पाचवीतल्या पोरीनं धरली होती. आणि चूकसुद्धा तिची नव्हतीच. ती बापाची होती. रचनाच्या तोंडून आली होती, एवढंच.

देवराम महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होता. शहाडच्या या वस्तीत पाणीही तोच सोडतो आणि गाणीही तोच, असं लोक म्हणायचे. लग्न असो, नामकरण असो, जयंती असो की कुणाचं पुण्यानुमोदन, देवरामची गायनपार्टी हजर. पुढे पेटीवर देवराम, उजव्या हाताला ढोलकीवर गणूकाका, मागे कोरस. गाणी सगळी देवरामनं स्वतः बांधलेली आणि कागदावर एक ओळ नाही. जे होतं ते त्याच्या डोक्यात आणि कोरसच्या कानांत.

त्या कोरसमध्ये रचना लहानपणापासून बसायची. आठवी-नववीत असताना, कल्याणच्या एका स्पर्धेआधी, तिनं जीव मुठीत धरून विचारलं होतं, "बाबा, या वेळी एक कडवं मी एकटी म्हणू?"

देवराम फडक्यानं पेटीच्या पट्ट्या पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तुझा आवाज कोरसचा आहे," तो म्हणाला. "मागं बस. डावीकडं."

कडवं मिळालं रत्नदीपला, तिच्या भावाला. गाण्यात त्याला काडीचा रस नव्हता, आणि दुसऱ्या ओळीवर तो शब्द विसरून सगळ्यांसमोर हसत सुटला. तरी रचनाला पुढे कुणी बोलावलं नाही. ती मागेच बसत राहिली आणि नोकरी लागल्यावर तिनं पार्टी सोडली. पार्टीबरोबर गाणंही सोडलं. इतकं की कामं करताना गुणगुणणंसुद्धा. एका वाक्यानं माणूस एवढा बंद होतो का, असं कुणी म्हणेल. पण नळ बंद करायलाही काही फार जोर लागत नाही.

पहिला स्मृतिदिन जवळ आला तेव्हा गणूकाका घरी आला होता.

"पोरांना त्याची दोन-चार गाणी शिकव," तो म्हणाला. "रत्नदीपला काय येत नाही. मला नुसता ठेका येतो. तू कोरसला होतीस. तुलाच येतात सगळी."

"स्मृतिदिनापर्यंत," रचनानं बजावलं. "पुढं मी नाही, काका. आधीच सांगते."

आणि आता पंचाईत अशी झाली होती की तिला मजा यायला लागली होती. मुकुलचा सूर चढायचा. तिनं नुसता पाठीवर तळवा ठेवला की पोरगा जागेवर यायचा, आणि त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे उमटायचं ते तिला आठवडाभर पुरायचं. लेबलं तपासता तपासता ती मनात पोरांचे आवाज लावत बसायची. हे तिला आवडत होतं आणि आवडतंय याचीच भीती वाटत होती. कारण शिकवायला बसली की आपल्या आत बाप उठून बसतो, असं तिला हल्ली वाटायचं.

आर्यन आणि मुकुलनं पेटी घरी आणून ठेवली. पेटी जुनी. एक पट्टी अर्धवट दबलेली राहायची आणि भात्यात हवा उरली की ती त्या पट्टीतून हळूहळू बाहेर पडायची. आधी बारीक सूर, मग नुसता सुस्कारा. दुपारच्या शांततेत तो ऐकला की खोलीत कुणीतरी आहेसं वाटायचं.

"आला बघ," रचनाची आई, शकू, भाजी निवडता निवडता म्हणाली.

"आई, हवा आहे ती."

"हवाच की. माणूस म्हंजे दुसरं काय असतंय?"

भिंतीवर देवरामचा फोटो होता. चांगला फोटो त्यानं कधी काढून घेतला नाही. म्हणून एका कार्यक्रमातला शोधून स्टुडिओत मोठा करून आणलेला. मागचा कोरस कापून स्टुडिओवाल्यानं तिथं निळा रंग भरला होता. देवरामचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं आणि मान डावीकडे कललेली. घरी येणारा प्रत्येक माणूस फोटो वाकडा आहे समजून तो सरळ करायला जायचा. फोटो सरळच होता.

रचना स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा नळ मोठा सोडून तिनं तोंडातल्या तोंडात 'अंधाराला' म्हटलं. श्वास भरपूर होता. तरी आ मध्येच तुटला, गळा आपसूक मिटला आणि मान डावीकडे गेली. तिनं ओट्याची कड धरली. पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिला रडूच फुटलं. सगळं गाणं तिचं होतं, आवाज तिचा होता, आणि त्या एका जागी मात्र दुसरंच कुणीतरी येऊन श्वास घेऊन जात होतं.

"थांबतेस कशाला?" बाहेरून आईनं विचारलं. "त्याला दमा होता. तुला काय झालंय?"

गणूकाका चाळीच्या ओट्यावर ढोलकीची दोरी ताणत बसला होता. रचना त्याच्याशेजारी टेकली.

"काका, 'अंधाराला'वर बाबा थांबायचे ना, ते मला पोरांच्या गाण्यातून काढायचंय. दम्यामुळे थांबायचे ते. पोरांना कशाला दमा?"

गणूकाकानं दोरी सोडली.

"दम्यामुळं? छ्या. दमा त्याला कितीतरी नंतर झाला. रिटायर व्हायच्या जरा आधी."

"पण मी लहान असल्यापासून थांबतायत ते."

"तू लहान होतीस तवापासनंच. त्याच्या आधी सरळ गायचा. एकदा अचानक थांबला, मी ठेका सोडणार होतो. नंतर विचारलं, देवरामा, काय झालं रे? तर म्हणतो, तू वाजव, तुला काय करायचंय."

"मग नेहमीच थांबायचे?"

"नेहमी. तो थांबायचा, कोरस तो आ धरून ठेवायचा, मग हा 'मागं सारीत'वर यायचा." गणूकाकानं ढोलकीवर हलकेच थाप मारून बघितली. "तू पार्टी सोडलीस ना, मग परत सरळ गायला लागला. तवा तर दमा होता. धापा टाकायचा, पण तिथं थांबायचा नाही. हट्टी माणूस."

रचनानं याचा अर्थ लगेच लावून टाकला. ती सोडून गेल्यावर मागे आ धरणारं कुणी भरवशाचं उरलं नसेल, मग थांबून करणार काय? म्हणजे इतकी वर्षं बापानं खुशाल दम खायचा आणि लेकीनं मागे बसून खिंड लढवायची, असा तो कारभार होता. कोरसचा आवाज म्हणजे खड्डा बुजवायचा मुरूम. ती उठली तेव्हा तिला बापाचा राग आला होता, आणि मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही म्हणून तो आणखी वाढला होता.

पुढच्या रविवारी तिनं पोरांना त्या जागेवरून सरळ न्यायचा चंगच बांधला.

"मी थांबले तरी तुम्ही थांबायचं नाही. माझ्याकडे बघायचंच नाही. आ तुटू द्यायचा नाही."

पोरं चुकली. पुन्हा चुकली. आर्यनला हसू आवरेना. रचनाचं मधलं बोट वाकलं आणि पेराचा पेटीच्या झाकणावर खाडकन आवाज झाला. पोरं दचकली. रचना त्यांच्याहून जास्त दचकली. कोरस चुकला की बाप काढायचा तो आवाज ती पंचवीस वर्षांनी ऐकत होती. ती आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं तो मांडीखाली दाबून धरला, पोरीसारखा.

"सॉरी," ती म्हणाली. "एकेकानं म्हणा."

एकेकजण म्हणाला. संचिताची पाळी आली. पोरीचा आवाज बारीक, मोठा होता होत नव्हता. पण 'आ' लागला तो लागला. जरा हलला नाही, थरथरला नाही. तिनं तो कितीतरी वेळ धरला आणि अलगद 'मागं सारीत'वर आणून सोडला.

"ताई," संपल्यावर ती म्हणाली, "कार्यक्रमात एक कडवं मी एकटी म्हणू?"

रचनाच्या जिभेवर वाक्य आलं. संपूर्ण, तयार, बापाच्या आवाजात. तिनं ते दातांआड अडवलं. पण त्याची शेपटी सुटलीच.

"मागं बस," ती म्हणाली. "डावीकडं."

 संचिता उठली, मागे जाऊन डावीकडे बसली आणि सतरंजीचे दोरे उपटायला लागली. रचनाला ती जागा चांगली ठाऊक होती. पार्टीत तिथून पेटी वाजवणाऱ्याची फक्त पाठ दिसायची.

तिला त्या पोरीला परत पुढे बोलवायचं होतं. पण गणूकाकानं ठेका धरला, पोरांनी सुरुवात केली आणि ती वेळ निघून गेली. घरी जाताना ती मनाशी म्हणाली, एकदाचा तो स्मृतिदिन होऊन जाऊ दे. मी शिकवत नाही, तो शिकवतो. जे त्यानं माझं केलं तेच मी हिचं केलं. आता पुरे.

स्मृतिदिनाला हॉल भरला होता. टेबलावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, आणि बाजूला खुर्चीवर घरून आणलेला देवराम, मान कलती करून. येणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी तो सरळ करून बघितलाच. रत्नदीप शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून घामाघूम होत पोचला आणि आईशेजारी बसला. त्रिशरण, पंचशील झालं. दोन माणसं बोलली. मग गणूकाकानं ढोलकी पुढे ओढली आणि रचना पेटीवर बसली.

बापाच्या जागी ती पहिल्यांदाच बसत होती. सरावाला पोरं समोर असायची; आज बापाच्या पार्टीसारखी ती मागे होती. पुढे नुसती माणसं, आणि मागून कुणाची तरी नजर आपल्या पाठीवर आहे याची जाणीव.

पहिलं कडवं नीट गेलं. मग ती ओळ आली.

"अंधाराला..."

आणि ती थांबली. एवढं ठरवून, एवढं घोकून, थांबलीच. गळा मिटला, हात भात्यावर सैल पडला. गेलं, तिला वाटलं. घेऊन गेला.

पण आ तुटला नव्हता.

मागे तो चालू होता. पोरं शिकवल्याप्रमाणे सरळ निघाली होती. आर्यनचा भसाडा, मुकुलचा चढा, बाकीच्यांचे इकडेतिकडे पळणारे आवाज. आणि त्या सगळ्यांच्या खालून, मागून, डावीकडून एक बारीक आवाज येत होता. तो कुणाहून मोठा नव्हता. कुणाच्या पुढे जात नव्हता. पण बाकीचे सगळे आवाज त्याला धरून उभे होते. तो काढला असता तर सगळा आ खाली बसला असता. सरावात समोर बसवून ऐकलं तेव्हा हे कळलं नव्हतं. मागे बसणाऱ्याला तर ते कधीच कळत नाही. त्याच्या कानाशी ढोलकी असते, शेजाऱ्यांचा गलका असतो आणि समोर एक पाठ. ते ऐकू येतं फक्त या जागेवर. तेही आपण गप्प बसलो तर.

आवाज नीट ऐकू यावा म्हणून रचनानं मान डावीकडे कलती केली.

आणि तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं.

तिनं फोटोकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. त्या आ मध्ये तिला आठवी-नववीतली एक पोरगी ऐकू येत होती, जिला तिनं आजवर कधी ऐकलं नव्हतं. तो ऐकत होता. दर कार्यक्रमाला, दर वेळी, भर गाण्यात, सगळ्या वस्तीसमोर. दम खात नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि त्याच दमात तिला संतापही आला. एकदा तोंडानं सांगायला काय झालं होतं, बाबा? एकदा?

'मागं सारीत' निघून गेलं, 'माय माझी'ही गेलं. ती 'चालली'वर येऊन मिळाली. लोकांना वाटलं, पोरीला वडिलांच्या आठवणीनं भरून आलं. ते काही फारसं खोटं नव्हतं. शकूनं पदर डोळ्यांना लावला आणि गणूकाकानं ठेका सोडला नाही.

कार्यक्रमानंतर बाहेरच्या मांडवात पुलाव वाढायला सुरुवात झाली, हॉल रिकामा झाला. आर्यन प्लेट हातात घेऊनच दारात आला.

"ताई, मम्मी विचारते, पुढच्या रविवारी क्लास आहे ना?"

"आहे," रचना म्हणाली. "आधी हात धुऊन जेव."

संचिता अजून मागे बसून होती. सतरंजीचा कोपरा तिनं चांगलाच उसवून ठेवला होता.

"तुम्ही परत थांबलात," ती म्हणाली.

"थांबले."

"आम्ही नाही थांबलो."

"माहितेय मला." रचना पेटीमागून उठली. मग तिनं ते वाक्य उच्चारलं, जे आजवर तिला कधी तोंडाबाहेर काढायचं नव्हतं. "संचिता, तुझा आवाज कोरसचा आहे."

पोरीचं तोंड पडलं. हे पडलेलं तोंड रचनाच्या ओळखीचं होतं. फक्त ते तिनं कधी बाहेरून बघितलं नव्हतं.

"इकडं ये. पेटीपाशी बस."

"मला वाजवता येत नाही."

"वाजवू नकोस. नुसती बस."

संचिता बसली. पेटीपुढे ती आणखीच लहान दिसत होती. रचना तिच्या मागे गेली आणि डावीकडे, सतरंजीच्या उसवलेल्या कोपऱ्यावर, मांडी घालून बसली. बाहेर भांड्यांचा आवाज चालू होता. खुर्चीवरचा फोटो न्यायला शकू आत आली होती. ती दारापाशीच उभी राहिली.

"आता 'अंधाराला' म्हण," रचना म्हणाली. "आणि थांब."

"थांबू? तुम्हीच तर नको म्हणालेलात."

"आता थांब."

संचितानं 'अंधाराला' म्हटलं आणि थांबली. मागून रचनानं आ उचलला. कितीतरी वर्षांनी, एकटीनं. सुरुवातीला तो खरखरला, मग बसला, आणि ती तो धरून राहिली.

पेटीपुढची पोरगी आधी ताठ बसली होती. मग हळूहळू तिची मान डावीकडे कलली.